तिकीट काढण्यापूर्वी

अमेरिकेचा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा हाती आला, तरी लगेच विमान पकडता येत नाही. शिक्षणसंस्थेने दिलेल्या आय-२० या कागदावर अभ्यासक्रम सुरू होण्याची जी तारीख असते, तिच्या आधी फार तर ३० दिवस देशात प्रवेश मिळतो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमासाठी ही मुभा एक महिन्याची, त्याहून छोट्यासाठी जेमतेम आठवड्याची.

एअर इंडिया, इंडिगो यांसारख्या कंपन्या विद्यार्थ्यांना भाड्यात सवलत आणि जादा सामानाची सोय देतात. ओळखपत्र मात्र जवळ हवे.

बॅगेतल्या मसाल्यांना सहसा अडचण नाही. सुके खोबरे मात्र तेलामुळे पेट घेऊ शकते, म्हणून चेक-इन सामानात त्याला मनाई आहे. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेतच ठेवावी.