काडतुसांचा हिशेब

बंदूक म्हटली की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक तर चित्रपटातला खलनायक उभा राहतो, नाही तर सीमेवरचा जवान. खेड्यातल्या एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या घरातही परवान्याची बंदूक असते आणि तिचे मुख्य काम कोणाला मारण्याचे नसून मोठा आवाज करण्याचे असते, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला गंमत वाटते. आमच्याकडे मात्र ते खरे आहे. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की भातसा नदीच्या काठी आमचे सापगाव लागते. भाताची खाचरे, नदीकाठी थोडा भाजीपाला, आणि पलीकडे जंगल. मुंबईकरांच्या नळाला ज्या तानसा आणि भातसा जलाशयांचे पाणी येते, त्यांच्या परिसरातले जंगल राखले गेले ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या जंगलाबरोबर रानडुकरेही राखली गेली, आणि ती रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे येतात.

डुक्कर खाते त्याच्या कितीतरी पट तुडवते. दाणा भरत आलेल्या भातात पिलांसकट एक कळप शिरला की सकाळी खाचरात कोणी लोळणफुगडी घातल्यासारखे दिसते. आडवे झालेले भात पुन्हा उभे राहत नाही. चिखलात पडलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात. वर्षभराच्या भाकरी-भाताची तजवीज एका रात्रीत निम्म्यावर येते. म्हणून दसऱ्यापासून कापणी उरकेपर्यंत आमच्याकडे माणसे शेतातल्या माळ्यावर झोपतात. झोपतात म्हणजे जागतात.

वडिलांची दुनळी

आमच्या घरची बाराबोरची दुनळी वडिलांनी घेतलेली. पुढे वारसाहक्काने रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर झाला. बाराबोर हे नाव कसे पडले, हे मी शाळेत शिकवत होतो तेव्हा मुलांना हमखास सांगत असे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोल गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बाराबोर. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. गणिताच्या तासाला बंदूक आणली म्हणून मुख्याध्यापक हसायचे.

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. तो जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. या कायद्याने शेतकऱ्याची आठवण ठेवली आहे. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच्या तेराव्या कलमात आहे. ठासणीची बंदूक पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंच नळीची दुसरी साधी बंदूकही देता येते. म्हणजे बंदुकीची सोय झाली. पण काडतुसाशिवाय बंदूक म्हणजे निव्वळ दांडके, आणि काडतुसाचे काय करायचे हा प्रश्न आमच्या गळ्यात राहिला.

वडिलांच्या काळात दुकानात ‘एली-कायनॉक’ची विलायती काडतुसे मिळत. त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या आम्ही पोरे शिट्टीसारख्या फुंकायचो. पुढे ऐंशीच्या दशकात खासगी आयातीची दारे बंद झाली आणि आमच्यासारख्यांची सारी भिस्त पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यावर आली. हा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या बाराबोर काडतुसाचे नाव ‘शक्तिमान’. १९९७ मध्ये दूरदर्शनवर त्याच नावाची मालिका सुरू झाली, तेव्हा माझ्या मुलाची समजूत झाली होती की हा गरगर फिरणारा नायक बाबांच्या डब्यात राहतो. २०२१ च्या १ ऑक्टोबरला देशातल्या ४१ आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि खडकीचा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेला.

एक काडतूस, किलोभर तांदूळ

लष्कराला लागणारा माल आधी, हे उघड आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. त्यातून उरलेल्या वेळात आणि उरलेल्या साहित्यात आमचे काडतूस तयार होते. ते अधिकृत विक्रेत्याकडे पोचते, विक्रेते जिल्ह्यात मोजके, आणि आम्ही त्यांच्यापासून दूर. आसनगावहून लोकल पकडून जायचे, परवाना दाखवायचा, नोंद करून घ्यायची. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेले असते. पण तेवढी मिळतीलच असे त्यात कुठे लिहिले आहे? ‘पुढच्या महिन्यात या,’ हे उत्तर ऐकून मी किती तरी वेळा रिकाम्या हाताने परतलो आहे. त्यात लोकलचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी गेली, ती काडतुसाच्या किमतीत कोणी धरत नाही.

आणि किंमत? एका काडतुसाच्या पैशात घरात किलोभर तांदूळ येतो आणि वर सुटे उरतात. आमची सौ. हा हिशेब मला दर हंगामात ऐकवते. ‘‘अहो, किलोभर भात वाचवायला किलोभर तांदूळ उडवायचा का?’’ तिला उत्तर देणे सोपे नाही.

काडतूस महाग का, याचे धागे पार दूरवर जातात. त्यात शिसे लागते, पितळ लागते आणि बिनधुराची दारू लागते. ही दारू नायट्रोसेल्युलोजपासून करतात आणि नायट्रोसेल्युलोज कापसाच्या सरकीवरच्या आखूड तंतूंपासून. २०२० साली करोनाची साथ आली आणि अमेरिकेत लोकांनी भीतीपोटी दुकानेच्या दुकाने रिकामी केली. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले. तोफांच्या तोंडी इतकी दारू जाऊ लागली की युरोपातल्या कारखानदारांना कापसाचे तंतू मिळेनात, कारण त्यांचा मोठा पुरवठा चीनकडून होतो. शिकारी आणि खेळाडूंच्या काडतुसांचे भाव जगभर चढले. आपल्याकडच्या नेमबाजांनाही त्याची झळ लागली. ट्रॅप प्रकारात पात्रता फेरीतच १२५ तबकड्या फोडायच्या असतात आणि प्रत्येक तबकडीवर दोन बार काढता येतात. मग सरावाला किती काडतुसे लागत असतील? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या शिक्षक वडिलांनी या खेळाच्या खर्चापायी कर्ज काढल्याच्या बातम्या आपण वाचल्याच. आमची गरज हंगामाला दहा-पंधरा काडतुसांची. पण ती दहा-पंधराही वेळेवर मिळत नाहीत, ही आमची अडचण.

अकरा काडतुसांचा हंगाम

२०२० चा खरीप मला विसरता येत नाही. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद, दुकाने उघडी की मिटलेली याचा पत्ता नाही, आणि डब्यात अकरा काडतुसे. त्यातली दोन जुनी, कागदी पुंगळीची. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत कागद फुगतो आणि असे काडतूस नळीत नीट बसत नाही. ती दोन बाजूला काढली. राहिली नऊ. सौ.ने दुधाच्या हिशेबाच्या वहीचे मागचे पान उघडले, वर ‘काडतुसे’ असे लिहिले आणि खाली नऊ रेघा ओढल्या. जो बार निघेल त्याची रेघ खोडायची आणि तारीख टाकायची.

रेघा मोजक्या असल्या की माणूस विचार करू लागतो. आम्ही शेजारचे सहा जण खाचराच्या बांधावर बसलो. पूर्वी चाहूल लागली की बार निघायचा. आता ठरले की आधी पत्र्याचे डबे वाजवायचे, मग गोफण, मग टॉर्च आणि आरडाओरड. जुन्या सायकलचे टायर धुमसत ठेवायचे. न्हाव्याकडून केस आणून बांधावर पसरायचे. डुक्कर हुंगत चालते, केस नाकात गेले की बिचकते असे जुनी माणसे सांगतात. बायकांनी जुन्या साड्या काठीला बांधून बांधाभोवती ओढल्या. एवढे करूनही कळप आत शिरलाच तर शेवटी बार, तोही मऊ मातीच्या बांधाकडे रोखून. परवाना माझ्या नावावर, म्हणून बंदुकीला हात माझाच. बाकीच्यांनी पाळ्या वाटून घेतल्या आणि माझी झोप राखली.

काही गोष्टी तेव्हापासून घरात पक्क्या झाल्या. काडतुसांचा डबा झाकणबंद, कोरड्या जागी, बंदुकीपासून वेगळा आणि कुलपात. चुलीवरच्या फळीवर ‘सुके राहील’ म्हणून तो कधी ठेवायचा नाही. जुनी आधी वापरायची. नळीला तेलाचा हात फिरवायला काडतूस लागत नाही, तो वेळच्या वेळी फिरवायचा. मिळाली म्हणून भलत्याच लांबीची काडतुसे जुन्या बंदुकीत घालायची नाहीत. आखूड खोबणीत लांब काडतूस घातले तर दाब वाढतो. आणि रिकाम्या पुंगळ्या घरी भरून वापरण्याचा विचार मनातही आणायचा नाही. ‘‘मास्तर, दारू आन् छर्रे मी देतो, भरा की घरीच,’’ असे सुचवणारे भेटतात. पण परवान्याशिवाय काडतूस भरणे म्हणजे दारूगोळा तयार करणे, आणि कायद्यात तो मोठा गुन्हा आहे. शिवाय हात एकदा गेला की पुन्हा फुटत नाही.

त्या वर्षी नऊपैकी सात रेघा खोडल्या गेल्या. भात काही गेले, बरेचसे वाचले.

स्वस्त आणि जीवघेणे

याच बैठकीत एका तरुणाने जे सुचवले, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. तो म्हणाला, ‘‘काका, एवढा कुटाणा कशाला? विजेच्या खांबावरून वायर टाकू बांधावरून. एका रात्रीत काम तमाम, खर्च शून्य.’’ सगळे क्षणभर गप्प झाले, कारण खर्चाचा हिशेब त्याचा बरोबर होता. मग आमच्यातले वयाने मोठे आजोबा बोलले, ‘‘पोरा, वायरला डुक्कर कळत नाय आन् माणूस बी कळत नाय. पहाटं पान्याला कोन जातंय, तू का मी?’’

वायर पडली नाही. पण सगळ्याच गावांत असे आजोबा बांधावर हजर असतात असे नाही. पिकाभोवती सोडलेल्या विजेच्या तारेने शेतकरी, मजूर, बैल, कधी बिबट्या मेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात पुन:पुन्हा वाचतो. दुसरा प्रकार गावठी बॉम्बचा. खाण्याच्या आमिषात स्फोटक लपवून ठेवायचे, डुकराने चावले की त्याचा जबडा उडतो. गुरे, कुत्री आणि काहीतरी सापडले म्हणून हातात घेणारे मूल यांचीही तीच गत होते. हे दोन्ही मार्ग बेकायदा आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. तिकडे कायद्याने चालणाऱ्याचे काडतूस महाग आहे आणि मिळतही नाही. अशा वेळी माणूस कोणीकडे झुकेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

डुक्कर मारावे असा माझा आग्रह नाही. मारायचे झाले तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. पिकांची नासाडी करणारी रानडुकरे आणि नीलगायी यांच्याबाबत ती देण्याचे अधिकार राज्य सरकारने २०१५ साली वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपर्यंत खाली आणले. मेलेले जनावर वनखात्याच्या ताब्यात द्यायचे असते. आमच्यापैकी बहुतेकांना ती वाट धरायची इच्छाही नसते. कळप जंगलात परतला की आमचे भागते.

त्यात निवडणुका येतात. आचारसंहितेच्या काळात कोणाची हत्यारे जमा करायची हे छाननी करून ठरवतात, आणि ज्याला नोटीस येते त्याने बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची. व्यवस्था योग्यच आहे. पण २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. आमचे हळवे भात तेव्हा कापणीला आलेले असते आणि गरवे भरात असते. डुकरांना आचारसंहिता कोण वाचून दाखवणार? छाननी करताना पीकरक्षणाचा परवाना वेगळा पाहिला, तर कोणाचे काही बिघडणार नाही.

काडतुसे स्वस्त करा म्हणजे घरोघरी बंदुका येऊ द्या, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट बंदुका कमीच असाव्यात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारांची मर्यादा घातली, ती मला पटते. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला सरकारने तपासून परवाना दिला आहे, त्याला त्याच्या परवान्यावर लिहिलेली मोजकी काडतुसे भात पिकण्याच्या आधी, तालुक्याच्या गावापर्यंत येऊन मिळावीत. त्याच्या जोडीला सौरकुंपण लवकर यावे. त्याचा झटका जनावराला चमकावतो, जीव घेत नाही. नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा. कुंपण बांधावर उभे राहिले तर आमची दुनळी कपाटात पडून राहील, आणि तसे झाले तर सर्वांत जास्त आनंद आमच्या सौ.ला होईल.

तोवर दुधाच्या वहीचे मागचे पान चालूच आहे. गेल्या हंगामात त्यावर आठ रेघा होत्या. चार खोडल्या गेल्या, चार शिल्लक आहेत. त्या उरलेल्या चारांच्या भरवशावर बांधावर वायर पडलेली नाही, आणि पहाटे पाण्याला जाणारा माणूस निर्धास्त जातो आहे.