बिचारा कॉम्प्युटर!

डॅटसन २८० झेड १९७५ ते १९७८ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात विकली गेली. तिच्या सहा सिलिंडरच्या, २.८ लिटर इंजिनाला बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीचं फ्युएल इंजेक्शन आहे. गाडी धक्के मारू लागली, काळा धूर सोडू लागली की निदान ठरलेलं: ‘कॉम्प्युटर गेला!’ ड्रायव्हरच्या डाव्या पायाशेजारचं ते कंट्रोल युनिट खरं तर क्वचितच जातं. जातात त्या वायरी आणि कनेक्टर.

काळ्या धुराचंच घ्या. कूलंटचा तापमान-सेन्सर २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम रोध दाखवतो, ८० अंशांना जेमतेम तीनशे. कनेक्टरच्या पिना गंजल्या की रोध वाढतो, युनिटला इंजिन गारठल्यासारखं वाटतं आणि ते पेट्रोल वाढवत सुटतं. म्हणून बॅटरी सोडवून रोध मोजावा तो युनिटकडच्या प्लगवर. नुसता सेन्सर मोजला तर तो ठणठणीत निघेल आणि खराब वायर तशीच राहील.

‘हवा मोजणाऱ्या मीटरचं झाकण उघडून स्प्रिंगची चक्री फिरवली की मिश्रण जुळतं’ हा त्याहून महागात पडणारा समज. त्या चक्रीने सगळ्याच वेगांचं मिश्रण बदलतं आणि मूळ दोष झाकला जातो. आधी हवेची गळती शोधा. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण काढा: इंजिन अडखळलं तर बरंच. काहीच फरक पडला नाही, तर मीटरला चुकवून हवा आधीच कुठून तरी आत शिरतेय. डिपस्टिकचं रबरी सील, तडकलेले होज, सगळं तपासा.

गरम गाडी थोडा वेळ उभी राहिली आणि पुन्हा सुरू होईना, तर लोक स्टार्टरला शिव्या घालतात. स्टार्टर नीट फिरत असेल तर बहुतेकदा इंजेक्टरच्या नळीतलं पेट्रोल उकळलेलं असतं, किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह दाब धरत नसतो. गेज लावला की उलगडा होतो. डॅटसन बनवणाऱ्या निस्साननेही पुढे २८० झेडएक्समध्ये इंजेक्टर थंड करायला पंखा दिलाच.

राहिला शेवटचा उपाय: ‘काढा सगळं, कार्ब्युरेटर बसवा.’ बसवा खुशाल, पण इंजेक्शनचा पंप सुमारे अडीच बार दाब देतो आणि कार्ब्युरेटरला पुरतो पाव बार. तेव्हा पंपही बदलावा लागेल.