लिंबाचा वास हवाय? मग लिंबूच लावा!

तळवलीत कुठल्याही इमारतीच्या ग्रिलकडे मान वर करून बघा. तुळस, कोरफड, रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता, गवती चहाचा एखादा झुबका. आता कुणाच्या मोबाइलवर ‘लिंबाच्या वासाचा गांजा घरच्या घरी’ असा व्हिडिओ आलाच, तर आधी एवढं ऐका: अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शेत असो की कुंडी, सुटका नाही.

गंमत म्हणजे नशा चढवणाऱ्या टीएचसीला स्वतःचा वासच नसतो! गांजाच्या काही वाणांना लिंबाचा वास येतो तो लिमोनिनमुळे, आणि हेच लिमोनिन लिंबू-संत्र्याच्या सालीत ठासून भरलेलं असतं. म्हणजे ज्याचं एवढं कौतुक, ते आपण रोज सोलून कचऱ्यात टाकतो.

त्याचा इंगा बघायचाय? पोरांच्या वाढदिवसाला फुगलेल्या फुग्याजवळ संत्र्याची ताजी साल दाबा. सालीतलं तेल उडालं की फट्! लिमोनिन रबर विरघळवतं. थर्माकोलचीही तीच गत. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, नाहीतर गणपतीच्या मखराजवळ संत्री सोलायची चोरी होती.

गवती चहाचा वास मात्र लिमोनिनचा नव्हे, तो सिट्रालचा. अत्तर-साबणवाले त्याच्यामागे असतात, आणि जीवनसत्त्व ‘अ’ बनवायलाही तो लागतो. आपण आपला आल्याबरोबर उकळतो. उत्तम करतो.

आता नातीगोती. गांजा आणि बिअरमधले हॉप्स एका कुळातले. लिंबाच्या घरात कोण? कढीपत्ता, बेल आणि कवठ! म्हणून तर लिंबावर अंडी घालणारं फुलपाखरू कढीपत्त्यावरही येतं. त्याची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते. काय बिशाद कुणी खाईल! मोठी झाली की हिरवीगार. तिला काडीने हळूच डिवचा, डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुफाटी शिंग बाहेर येतं आणि उग्र भपकारा सुटतो. कढीपत्त्याची चार पानं गेली म्हणून औषध मारायला धावू नका. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. राज्याला स्वतःचं फुलपाखरू असावं, हा मान देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने घेतला, २०१५मध्ये.

तर बाल्कनीत पाच-सहा तास ऊन येत असेल, तर कागदी लिंबू लावा. बी रुजवलीत तर फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागेल, म्हणून रोपवाटिकेतून गुटी कलमच आणा. कुंडी मोठी घ्या, तळाला भोक ठेवा आणि पाणी साचू देऊ नका.