तापमान नियंत्रण, घरगुती भट्टीचे
पाव, केक, नानकटाई इ. पदार्थ भाजण्याच्या विद्युत् भट्टीतील तापमान ठरविलेल्या मूल्याजवळ टिकवून धरण्याची क्रिया. पूर्वी महाराष्ट्रात पातेल्याच्या वरखाली निखारे ठेवून घरीच नानकटाई भाजीत किंवा तिचे ताट जवळच्या बेकरीत देत; आच ओळखणारा हात हाच त्या वेळी नियंत्रक असे.

साध्या भट्टीतील थर्मोस्टॅट ठरविलेल्या तापमानास विद्युत् प्रवाह तोडतो. परंतु तापक तारेत व पत्र्यात साठलेली उष्णता त्यानंतरही आत येत राहते व तापमान वर जाते. भट्टी निवू लागल्यावर ते तसेच खाली घसरते. खरी अडचण मापनाची नसून या विलंबाची आहे. सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे प्रक्रियक, स्मृती व आदान-प्रदान मंडले एकाच सिलिकॉन चकतीवर असलेला लहान संगणक, हा विलंब हिशेबात धरू शकतो. इंटेल कंपनीच्या ८०५१ (१९८०) या सूक्ष्मनियंत्रकापासून अशी रचना पुष्कळ सुलभ झाली.

संवेदक म्हणून प्लॅटिनमचा रोधक (०° से.ला १०० व १००° से.ला १३८·५ ओहम) किंवा क्रोमेल-ॲल्युमेल तपयुग्म वापरतात. तपयुग्मापासून दर अंशास सु. ४१ मायक्रोव्होल्टच मिळत असल्याने विवर्धक लागतो. तापक तारेसमोर बसविलेला संवेदक पदार्थाभोवतीच्या हवेचे नव्हे, तर तारेच्या प्रारणाचे तापमान सांगतो.

मोजलेले व हवे असलेले तापमान यांतील फरक, त्या फरकाची साठत गेलेली बेरीज व त्याच्या बदलाची त्वरा या तिहींवरून द्यावयाची शक्ती ठरवितात. ही पद्धत मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसंबंधात विशद केली; तिचे गुणांक ठरविण्याचे नियम झीग्लर व निकल्स यांनी १९४२ मध्ये दिले. भट्टीत मात्र तापविण्याचीच सोय असते, निवविण्याची नसते. म्हणून ओलांडलेले तापमान खाली येण्याची वाट पाहणे एवढेच हाती उरते. ३०° पासून १८०° से. पर्यंत चढताना फरकाची बेरीज अवाजवी फुगते. ती पूर्ण शक्ती चालू असेपर्यंत गोठवून ठेवावी लागते. नवशिक्यांची बहुतेक करपलेली भाजणी येथेच होते. शक्ती कमीजास्त करण्यासाठी ५० हर्ट्‌झ प्रवाहाच्या २ सेकंदांतील १०० आवर्तनांपैकी, उदा., ४० आवर्तनेच जाऊ देतात.

या अभ्यासाचे चांगले साधन मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कन्नन मौद्गल्य व त्यांचे सहकारी यांनी तयार केले. त्यात नायक्रोमची तार, तिच्यापासून किंचित दूर पोलादी पाते, पंखा व एटीमेगा १६ हा सूक्ष्मनियंत्रक असून विद्यार्थ्यांना दुरूनही संगणकाद्वारे प्रयोग करता येतो. खाडीपलीकडे पावणे व आसपासच्या औद्योगिक क्षेत्रातील भट्ट्या, शुष्कक व रासायनिक पात्रे यांनाही हेच तत्त्व लागू पडते. फक्त तेथे चुकीची किंमत केकपुरती नसते.

घरीही ती नेहमीच केकपुरती राहते असे नाही. २,००० वॉटची भट्टी २३० व्होल्टवर सु. ८·७ अँपिअर प्रवाह घेते. तो चालू-बंद करणारा अर्धसंवाहक स्विच निकामी होतो, तेव्हा तो बहुधा चालू स्थितीतच अडकतो. मग आज्ञावली बिनचूक असली, तरी प्रवाह थांबत नाही. यासाठी तापक मंडलात, सूक्ष्मनियंत्रकापासून सर्वस्वी स्वतंत्र असा, कमाल तापमानाच्या थोडे वर वितळणारा औष्णिक वितळतार जोडतात व धातूच्या कवचास अर्थिंग देतात. संवेदकाची तार तुटल्यास ती स्थिती ‘थंड भट्टी’ अशी न वाचता दोष म्हणून ओळखली जाईल व तापन बंद होईल, अशी आज्ञावली लिहितात. वितळतार एकदा वितळल्यास आधी स्विच तपासून मगच नवी बसवावी लागते.