लिव्हर ओढला की आत काय होतं?

वेस्टर्न चित्रपटांतली एक हालचाल सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे. घोडेस्वार बंदुकीच्या पोटाखालची लोखंडी कडी, म्हणजे लिव्हर, झटक्यात खाली ओढतो आणि परत वर घेतो. रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं आणि बंदूक पुढच्या बारासाठी तयार होते. 1860 च्या हेन्री रायफलीनं ही हालचाल अमेरिकेला शिकवली, विंचेस्टरच्या 1873 च्या मॉडेलनं ती गाजवली आणि जॉन ब्राउनिंगनं आखलेल्या 1894 च्या मॉडेलच्या तर सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या.

आता हीच हालचाल अशा बंदुकीत करून पाहा, जिच्यात दारूच नाही, नुसती हवा आहे. मग लिव्हर नेमकं काय करतो? कमी पैशांत वेस्टर्न ढंगाची एअर रायफल निवडायची असेल तर माझ्या मते पहिला प्रश्न हाच. कारण बाहेरून बहिणी-बहिणी वाटणाऱ्या या बंदुकांत लिव्हर दर वेळी निराळं काम करत असतो.

सुरुवात रेड रायडर या हवाई बंदुकीपासूनच करायला हवी. तिची कंपनी डेझी ही मुळात मिशिगनमधल्या प्लिमथ गावची, शेतावर पाणी उपसणाऱ्या लोखंडी पवनचक्क्या बनवणारी. 1880 च्या दशकात क्लॅरेन्स हॅमिल्टन नावाच्या माणसानं तिथं एक धातूची हवाई बंदूक आणली. पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला ती भेट म्हणून मिळू लागली. शेवटी भेटवस्तूच एवढी लोकप्रिय झाली की 1895 मध्ये कंपनीनं तिचंच ‘डेझी’ हे नाव घेतलं. रेड रायडर आली ती 1940 मध्ये, वर्तमानपत्रातल्या एका काउबॉय चित्रमालिकेच्या नायकाच्या नावानं. लाकडी दस्ता, बाजूला कडीत अडकवलेली चामड्याची वादी, साधारण चाळीस-पन्नास डॉलर किंमत.

हिचा लिव्हर काडतुसाला हात लावत नाही. तो आतली दणकट स्प्रिंग दाबून धरतो. चाप ओढला की स्प्रिंग सुटते आणि दट्ट्या पुढे झेपावतो. इथवरची कल्पना जत्रेत फुगे फोडणाऱ्या बंदुकीसारखीच आहे. पण पुढची गंमत मला अजूनही थक्क करते. दट्ट्याच्या तोंडाला एक बारीक पोकळ नळी असते. छर्रा एका चुंबकानं जागेवर धरून ठेवलेला असतो. नळी आधी त्याला प्रत्यक्ष ढकलून चुंबकापासून सोडवते, आणि मग त्याच नळीतून दाबलेली हवा त्याच्या पाठीवर आदळते. म्हणजे आधी धक्का, मग फुंकर, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. चुंबकामुळेच हिला पोलादी छर्रेच चालतात. शिसं तिथं टिकणारच नाही. पोटात 650 छर्रे मावतात आणि ते केवळ गुरुत्वाकर्षणानं खाली येतात. म्हणून लिव्हर ओढताना बंदुकीचं तोंड वर करायचं असतं.

वेग सेकंदाला साधारण 350 फूट, म्हणजे 107 मीटर. छर्रा एक तृतीयांश ग्रॅमचा. हिशेब केला तर ऊर्जा जेमतेम दोन जूल भरते.

एवढीच? असं वाटून खोक्यावर मोठा आकडा छापलेली बंदूक उचलायचा मोह होतो. तो मोह आवरावा, आणि त्याचा पुरावा डेझीच्याच घरात आहे. 499 नावाचं तिचं एक मॉडेल आहे. तेही लिव्हरनं स्प्रिंग दाबणारं, पण प्रत्येक छर्रा नळीच्या तोंडातून एकेक करून घालायचा. वेग रेड रायडरपेक्षाही कमी, सेकंदाला सुमारे 240 फूट. तरी अमेरिकेतली मुलं पाच मीटरवरच्या राष्ट्रीय बीबी (म्हणजे पोलादी छर्ऱ्यांच्या) स्पर्धेत याच बंदुकीवर भरवसा ठेवतात. कारण सगळं नळीत आहे. साध्या बीबी बंदुकीची नळी छर्ऱ्यापेक्षा थोडी सैल असते. छर्रा आत इकडेतिकडे घासतो, वेडीवाकडी गिरकी घेऊन बाहेर पडतो आणि भरकटतो. 499 ची नळी इतकी नेमकी की घातलेला छर्रा हवेच्या गादीवरून सावकाश खाली सरकतो. पाच मीटर कापेपर्यंत तो जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर खाली येतो, पण दर वेळी तेवढाच. नेम साधायला हेच लागतं.

ज्यांना रिकामं काडतूस उडताना बघायचंच आहे, त्यांच्यासाठी उमारेक्स या जर्मन कंपनीची काउबॉय रायफल आहे. धातूची नकली काडतुसं, प्रत्येकात एक छर्रा, बाजूच्या खिडकीतून भरायची दहा, आणि लिव्हर ओढला की खरोखर उडून बाहेर पडणारी. इथं लिव्हर विंचेस्टरचंच काम करतो. ताकद येते दस्त्यात लपवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दोन नळकांड्यांतून. त्याच कुळातली वॉल्थर लिव्हर अॅक्शन शिशाचे छर्रे वापरते. तिच्या नळीत आतून कोरलेला पीळ आहे आणि लिव्हर आठ छर्ऱ्यांची चकती एकेक घर फिरवतो. ती अचूक आहे, पण ‘स्वस्त’ या शब्दात बसत नाही.

या वायूचं वागणं समजून घेण्यासारखं आहे. 12 ग्रॅमच्या नळकांड्यात तो द्रवरूपात असतो. द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत, तापमान तेच राहिलं तर, दाबही तोच राहतो. म्हणून पहिल्या आणि विसाव्या बारात फारसा फरक पडत नाही. पण भराभर गोळ्या झाडल्या की द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते, नळकांडं गार पडतं आणि वेग उतरतो. 31 अंश सेल्सियसच्या वर तर हा वायू द्रव राहूच शकत नाही आणि दाब चढत जातो. म्हणून अॅरिझोनाच्या उन्हात गाडीत अशी भरलेली बंदूक कधीही ठेवू नये.

कायद्याचं एक सांगायलाच हवं. अमेरिकेच्या बहुतेक भागांत या बंदुकांना अग्निशस्त्र मानत नाहीत, पण आपली मराठी मंडळी जिथं मोठ्या संख्येनं राहतात त्या न्यू जर्सीत मानतात, आणि खरेदीसाठी ओळखपत्र काढावं लागतं. भारतात 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो.

माझा कौल असा: पहिलीच बंदूक असेल तर रेड रायडर, नेम शिकायचा असेल तर 499, आणि चित्रपटातल्या त्या हालचालीवरच जीव जडला असेल तर थोडे पैसे साठवून काउबॉय. मात्र पोलादी छर्रा पीळ असलेल्या नळीत घालू नका, कारण पीळ खराब होतो. दगडावर, पत्र्यावर किंवा लाकडी फळीवरही झाडू नका. तो उलटून थेट तोंडावर येतो. बंदुकीबरोबरच चष्मा विकत घ्या, झाडणाऱ्यासाठी आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी.