भूसंपादनाची नोटीस आणि परदेशातील वारस

गेल्या महिन्यातील एका रविवारी बर दुबईतील आमच्या खोलीवर नेहमीची बैठक भरली, तेव्हा एका सहकाऱ्याने मोबाईलवर आलेले छायाचित्र सर्वांना दाखवले. गावच्या तलावासाठी निघालेली ती भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना होती. गट क्रमांकापुढे त्याच्या दिवंगत आजोबांचे नाव होते. जमीन सव्वा एकर. मूळची महार वतनाची, कनिष्ठ गाव वतने नष्ट करणाऱ्या 1958 च्या कायद्यानंतर कुटुंबाला पुन्हा मिळालेली. हरकतीच्या 60 दिवसांपैकी 41 दिवस उलटले होते.

तलावाला त्याचा विरोध नाही; गावाला पाणी हवेच आहे. आपले म्हणणे कोणी ऐकून घेईल का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मालमत्तेचा हक्क हा जमीनदारांचा हक्क, असे आपण चळवळीतील माणसे सहज म्हणून जातो. बाबासाहेबांनीही 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची योजना मांडली होती. मात्र ज्याचा हक्क घेतला जाईल त्याला भरपाईपोटी कर्जरोखे देण्याची तरतूदही त्याच योजनेत आहे. ती आपण क्वचितच सांगतो.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला आणि अनुच्छेद 300-अ मध्ये ठेवला. तरीही न्यायालयाचे दार बंद झाले नाही. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारती ताब्यात घेण्याचा अधिकार म्हाडा कायद्यात 1986 साली आला. त्याविरुद्ध घरमालकांच्या संघटनेने दिलेला लढा अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. 5 नोव्हेंबर 2024 रोजी बहुमताने निर्णय झाला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही अनुच्छेद 39(ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही.

आमच्या सहकाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याच वर्षीचा 16 मे चा, कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणातील निकाल अधिक मोलाचा आहे. संपादनापूर्वी नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, रास्त भरपाई, विनाविलंब कार्यवाही आणि प्रक्रियेची रीतसर पूर्तता ही सात अंगे न्यायालयाने अनुच्छेद 300-अ मध्ये वाचली. केवळ भरपाई दिली म्हणून संपादन वैध होत नाही. सव्वा एकरवाल्याला महागडा वकील परवडत नाही. त्याचे संरक्षण या प्रक्रियेतच आहे.

म्हणून परदेशस्थ वाचकांना आमचे सांगणे आहे. आजोबा-वडिलांच्या नावे राहिलेल्या सातबाऱ्यावर वारसनोंद करून घ्या. 2013 च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात केवळ 21. गावातील विश्वासू नातलगाच्या नावे मुखत्यारपत्र करा. ते साक्षांकित करणारा भारतीय वाणिज्य दूतावास आपल्या बर दुबईतच आहे. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. भरपाई अपुरी वाटल्यास ती निषेध नोंदवून स्वीकारा आणि मुदतीत वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करा.

आमच्या सहकाऱ्याच्या धाकट्या भावाने 56 व्या दिवशी लेखी हरकत दाखल करून पोच घेतली. सुनावणीची तारीख अजून यायची आहे. त्या पोचपावतीचे छायाचित्रही आम्ही सर्वांनी पाहिले. त्यावर आता आजोबांसोबत नातवंडांचीही नावे आहेत.