क्रियापद येईपर्यंत थांबा

'डी ब्र्युके डार्फ बिस त्सुम आइनट्रेफन डेर त्स्वायटन कोम्पानी निश्ट गेश्प्रेंग्ट वेर्डन.' इंग्रजीच्या सवयीने हे जर्मन वाक्य ऐकणारा अर्ध्यात अडकतो. पूल कळला, दुसरी कंपनी कळली. पण पुलाचं करायचं काय? ते शेवटच्या तीन शब्दांत आहे: उडवायचा नाही. मराठी कानाला मात्र याचं विशेष नवल नाही. 'दुसरी कंपनी येईपर्यंत पूल उडवायचा नाही' म्हणताना आपलाही 'नाही' शेवटीच येतो.

असं जर्मन परदेशी सैनिकांना शिकवणारी एक सरकारी संस्था कोलोन शहराला लागून असलेल्या ह्यूर्ट गावात आहे. नाव बुंडेसश्प्राखेनआम्ट, म्हणजे संघीय भाषा कार्यालय. जर्मन संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही संस्था १९६९ सालची. ती जर्मन सैनिकांना परक्या भाषा शिकवते, लष्करी कागदपत्रांचे अनुवाद करते, आणि प्रशिक्षणासाठी जर्मनीत येणाऱ्या परदेशी सैनिकांना जर्मन शिकवते. पुढे हॅम्बुर्गच्या फ्युरुंग्सआकाडेमीत, म्हणजे जर्मन सैन्याच्या अधिकारी-अकादमीत, जनरल स्टाफचा अभ्यासक्रम करायचा, तर व्याख्यानं जर्मनमध्ये, वादही जर्मनमध्येच घालायचे.

गुणपत्रिका 'नाटो'च्या पद्धतीची असते: चार आकडे, क्रमाने ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, प्रत्येकी ० ते ५. '३३२१' म्हणजे हा गडी ऐकतो-बोलतो चांगलं, पण त्याच्याकडून अहवाल लिहून घेऊ नये! एकाच टक्केवारीत माणूस गुंडाळणाऱ्या आपल्या निकालपत्रांपेक्षा मला ही पद्धत प्रामाणिक वाटते.

ऐकणं पहिलं आहे, ते उगाच नाही. वायरलेसवर 'त्स्वाय' (दोन) आणि 'ड्राय' (तीन) यांचा घोटाळा होतो, म्हणून दोनाला 'त्स्वो' म्हणायची रीत आहे. सत्तेचाळीसला जर्मन माणूस 'सात आणि चाळीस' म्हणतो. इंग्रज ७४ लिहून बसेल. 'सत्तेचाळीस'मध्ये सात आधी ऐकत वाढलेल्याला तो धोका कमी.

पण आपलीही फजिती ठरलेली आहे. 'उमफारेन' हे क्रियापद घ्या. जोर 'फा'वर दिला तर अर्थ वळसा घालून जाणे. 'उम'वर दिला तर गाडीने धडक देऊन आडवं करणे. दुसऱ्या अर्थी हुकूम सोडताना 'उम' तुटून थेट वाक्याच्या टोकाला जातो. म्हणजे चौकीवरच्या पहारेकऱ्याला वळसा घालायचा की उडवायचं, हे एका अक्षराच्या जागेवर आणि आघातावर ठरतं. व्याकरण रुक्ष असतं म्हणणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या शेजारी बसून पाहावं.

संबोधनांचंही तसंच. 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही किंवा आपण. आपल्याकडे उस्ताद रंगरुटाला बेलाशक 'तू' म्हणेल. जर्मन सैन्यात अधिकृत बोलण्यात वरिष्ठही शिपायाला 'झी' म्हणतो. कॅप्टनला हाक मारायची तर 'हेर हाउप्टमान', आडनावाशिवायही चालते. सवयीचा 'सर' इथे गिळावा लागतो.

एवढं घोटवून माणूस वर्गाबाहेर पडतो आणि बेकरीत शिरतो. हा कोलोनचा मुलूख. इथल्या बोलीत शब्दारंभीच्या 'ग'चा 'य' होतो: 'गान्त्स' म्हणजे अगदी, ते 'यान्त्स', 'गूट' म्हणजे चांगलं, ते 'योट'. काउंटरमागची आजी 'यान्त्स योट' म्हणत पाव पुढे करते, आणि ऐकण्यात ३ मिळवलेला मेजर हसून नुसती मान डोलावतो.